पिकअपमागे कॅरव्हॅन जोडून हरिहरेश्वर ते गणपतीपुळे

मार्गशीर्षात दादाची डबल कॅब पिकअप आणि एका मित्राची दोन चाकी कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायची फिरती खोली, म्हणजे एक ट्रेलरच) घेऊन आम्ही चौघं ताम्हिणीने कोकणात उतरलो. हरिहरेश्वर, केळशी, दाभोळ, गुहागर असं किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत गेलो आणि आंबा घाटाने वर आलो. कोकणच्या रस्त्यांवर कॅरव्हॅन ओढून नेता येते का, हा प्रश्न निघायच्या आधीही सगळ्यांनी विचारला आणि आल्यावरही विचारतायत. नेता येते, आणि प्रवास सुखाचा होतो. मात्र गाडी आणि ट्रेलरची जोडी घरून निघण्याआधी वजनकाट्यावर जमवलेली हवी.

पिकअप म्हटलं की लोक आधी इंजिन बघतात. इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन ३६० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) देतं, टोयोटाच्या ऑटोमॅटिक हायलक्सचं २.८ लिटरचं ५००. बाराशे किलोची कॅरव्हॅन ओढायला दोन्ही पुरेशी आहेत. आधी संपते ती पिकअपची अंगावर वजन घेण्याची क्षमता. आरसीवरच्या लेडन (भरलेल्या गाडीच्या कमाल) वजनातून अनलेडन (रिकाम्या गाडीचं) वजन वजा करा. जे उरेल त्यात माणसं, हौद्यातलं सामान, वरून लावलेलं कॅनोपी (हौद्यावरचं टप) किंवा बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) आणि ट्रेलरच्या नाकाचं हुकावर येणारं वजन, एवढं सगळं बसलं पाहिजे. चार मोठी माणसं म्हणजे तीनशे किलोच्या आसपास. आपल्याकडे घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या पिकअपमध्ये त्यानंतर फारसं काही उरत नाही.

नाकाचं वजन ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण दहा टक्के असावं. आमची कॅरव्हॅन भरून १,२०० किलो, म्हणजे हुकावर १२०. पण मागच्या चाकांवर १२० वाढत नाहीत, जास्त वाढतात, कारण हुकाचा बॉल, ज्यावर ट्रेलर अडकतो, मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो. पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) ३.१ मीटर आणि अ‍ॅक्सलपासून बॉल १.३ मीटर मागे धरला, तर मागच्या चाकांवर सुमारे १७० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून ५० किलो उचलले जातात. स्टीअरिंग हलकं लागतं, ब्रेक मारताना पुढची पकड कमी होते आणि रात्री हेडलाइट समोरच्या एसटीवाल्याच्या डोळ्यांत जातो. मागे नुसते जाड पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकले तर गाडीची मागची बाजू उचलली जाते, पण पुढचे ५० किलो परत येत नाहीत. ते आणायला वजन विभागणारे बार असलेला हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) लागतो. ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी पकड) तो बसवण्याजोगा असेल तर खर्च जरूर करा.

वजन करण्याची पद्धत सोपी आहे. चिऱ्याच्या खाणीजवळ किंवा खडी क्रशरवर मोठा काटा असतोच. कॅरव्हॅन सुटी करून सगळी काट्यावर ठेवा: आमची १,२००. मग पिकअपला जोडा, पिकअप काट्याबाहेर आणि कॅरव्हॅनची चाकं काट्यावर: १,०८०. फरक १२०, तेच नाकाचं वजन. शेवटी माणसं बसवून, कॅरव्हॅन जोडलेली ठेवून नुसती पिकअप काट्यावर घ्या आणि आकडा आरसीशी ताडून बघा. ओढण्याची कमाल मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी बघायची. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, ते कागद विसरू नका.

नाक हलकं ठेवून पिकअपचा भार वाचवायचा मोह कुणाला होऊ नये. नाक हलकं झालं की मोठी गाडी शेजारून गेल्यावर कॅरव्हॅन शेपूट हलवू लागते. मित्राच्या कॅरव्हॅनची पाण्याची टाकी मागच्या टोकाला आहे, म्हणून आम्ही ती रिकामीच नेली आणि मुक्कामी भरली. शेपूट हललंच तर स्टीअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. वेग वाढवायचा नाही, उलटसुलट वळवायचं नाही. आणि रिकाम्या हौद्याची पिकअप पाट्यांमुळे उडते, तो हिसका कॅरव्हॅन परत फेकते. जड सामान हौद्यात पुढे, केबिनला चिकटून ठेवलं की दोन्ही शांत होतात, तेही क्षमतेच्या हिशेबात बसवूनच.

ताम्हिणीच्या शेवटच्या उतारावर, विळ्याच्या अलीकडे, ब्रेकची खरी परीक्षा आहे. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि तो नियम आपण मनाने पाळावा. आमच्या कॅरव्हॅनला ढकलीचे ब्रेक आहेत: पिकअप मंदावली की कॅरव्हॅन पुढे ढकलते, कपलर दाबला जातो आणि तिचे ब्रेक लागतात. त्यामुळे खालच्या गिअरवर उतरलं तरी कॅरव्हॅनचे ब्रेक लागत राहतात आणि तापतात. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा, मध्ये एकदा रुंद जागा बघून थांबा, चाकांजवळ जळका वास येतोय का बघा. हात लावू नका.

पुढे सगळ्यांत विचार करायला लावतात त्या खाड्या. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, तिन्ही ठिकाणी फेरीबोटीने गाडी पार होते आणि शेकडो वळणं वाचतात. पण ओहोटीला धक्क्याचा उतार लांबतो, खालचा भाग शेवाळलेला असतो आणि बोटीची फळी कोनात पडते. तिथे कॅरव्हॅनचं मागचं टोक किंवा हिच घासू शकतो. दाभोळला खलाशी आम्हाला बघूनच म्हणाला, "वाईच थांबा, पानी चढू दे." थांबलो, चहा घेतला, आणि नंतर अलगद चढलो.

म्हणून बेत आखताना पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी ओहोटी. पण ते भांगाचं पाणी, चढउतार कमी, त्यामुळे धक्क्याचा उतारही दिवसभर फार बदलत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण: भरदुपारी पाणी वर असतं, सकाळ-संध्याकाळ फार खाली जातं. ट्रेलरवाल्यांनी उधाणात दुपारची बोट धरावी, सकाळची घाई करू नये. वेळ, दर आणि ट्रेलर घेतात का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. बोटीवर चढता-उतरताना फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यांत हळू गिअर) टाका. क्लच भाजत नाही आणि ओल्या उतारावर चाक फिरत नाही. माझ्या मते कोकणासाठी फोर बाय फोर घेण्याचं हेच पुरेसं कारण आहे, वाळूत जाण्याचं नव्हे. पुळणीवर कॅरव्हॅन नेऊच नका.

लांबीचा विचार इंजिनाइतकाच करा. पिकअप ५.३ मीटर, मागे कॅरव्हॅन पाच धरली तर एसटीपेक्षा थोडंसं कमी. हमरस्त्यावर ठीक, पण केळशी किंवा गुहागरच्या आतल्या वाटेला दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे असतात आणि समोरून टेम्पो आला की मागे घेण्यावाचून गत्यंतर नसतं. छोटा ट्रेलर रिव्हर्समध्ये लांबपेक्षा फार पटकन वळतो, म्हणून मोकळ्या मैदानात हात बसवून या. आम्ही मुक्कामाची वाडी अशी निवडायचो की रस्त्यालगत सपाट अंगण आणि पंधरा अँपिअरचा प्लग मिळेल. तिथे कॅरव्हॅन सोडायची आणि हेदवी, वेळणेश्वर, आरे-वारे नुसत्या पिकअपने फिरायचं. मोटारहोमवाल्यांना हे सुख नाही. त्यांना घरच घेऊन फिरावं लागतं. सड्यावर (डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावर) मुक्काम केला तर वाऱ्याकडे नाक करून उभी करा, आडवी केली की रात्रभर डुलते.

परतताना साखरप्यानंतर आंबा घाटाचा चढ लागतो. इंजिनाच्या पाण्याचं तापमान बघत, तिसऱ्या गिअरवर, मागे गाड्या साचल्या की बाजूला घेऊन त्यांना जाऊ देत चढलो. वर पोचल्यावर पहिलं काम करा: खाऱ्या पाण्याचा अंश राहिलेला हिच, कपलर, ब्रेकच्या केबल आणि चाकांची आतली बाजू गोड्या पाण्याने धुऊन काढा. बॉलला ग्रीस लावा आणि लाइटच्या प्लगच्या पिना पुसून कोरड्या करा.