धाकटा वारीतनं घरी आला

पालख्या पुण्यात आल्या की आमच्या नाना पेठेत दोन दिवस घर म्हणून काही राहत नाही. तुकोबा निवडुंग्या विठोबात, माउली तिकडं भवानी पेठेत पालखी विठोबात, आणि मधल्या गल्लीत आमची बिल्डिंग. पार्किंग रिकामं करायचं, गाड्या कुठंतरी लांब नेऊन लावायच्या, ताडपत्र्या अंथरायच्या, बाथरूमपुढे रांग, प्रत्येक सॉकेटला कुणाचा तरी चार्जर. वाडा होता तेव्हापासूनचं आहे हे, वाडा पडला तरी पंगत काही सुटली नाही. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, ऐंशी ओलांडली तरी आमटीची बादली दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

मी यंदा आळंदीपासून चालत आलेले, आईच्या दिंडीतनं. आईचे दोन्ही गुडघे बदलले, दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, आधीच भरलेली, पैसे वाया कशाला म्हणून "तू जा". मला कोण विचारतंय. ऑफिसात रजा टाकताना साहेबांनी तोंड वाकडं केलं ते वेगळंच. संगमवाडीच्या पुढं गर्दीत कुणाचा तरी टाळ कोपरावर बसला आणि लक्ष्मी रोडवर माझं हरिपाठात कमी आणि घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ करण्यात जास्त लक्ष होतं, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी दशमी, दुपारची पंगत. मी भाकरीची पाटी घेऊन चाललेले आणि शेवटच्या ओळीत, मीटरच्या बॉक्सखाली, धाकटा बसलेला. माझा धाकटा भाऊ.

2014 ला गेलेला. त्याच्या आधीची पाच-सहा वर्षं आमच्या घरात काय चाललं होतं ते पेठेत सगळ्यांना माहितीये, आता काय लपवायचं. पिणं तर होतंच, पण आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या गेल्या, आणि अण्णांच्या सहीवर पतपेढीतनं कर्ज काढलेलं, सही अर्थातच अण्णांनी केलेली नव्हती. वसुलीवाले दारात आले तेव्हा अण्णांनी एक शब्द न बोलता फंडातनं भरून टाकलं आणि त्याला म्हणाले, या घराचा उंबरा परत ओलांडायचा नाही. मग सुरतला आहे, मग नाशकात आहे, मग कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्रात आहे, असं कुणाकुणाकडनं कळायचं. आई ऐकायची आणि गॅस पुसायला लागायची.

आता उंबरा वर तिसऱ्या मजल्यावर, पंगत खाली पार्किंगमधे. म्हणजे तसं बघितलं तर त्यानं काही ओलांडलेलं नव्हतं. हे त्याच्या डोक्यात होतं की नाही मी अजून विचारलेलं नाही.

गंध लावलेलं, गळ्यात तुळशीची माळ, दाढी पांढरी झालेली. बेचाळिशीचा माणूस पन्नाशीचा वाटत होता. अण्णा वाढत आले. त्यांची पद्धत म्हणजे मान खाली, बादलीकडं लक्ष, आणि प्रत्येकाला "घ्या माउली, आमटी घ्या". तसंच त्याच्यापाशी आले, "घ्या माउली" तोंडातनं गेलं आणि मग वर बघितलं.

पळी तशीच बादलीवर. त्यानं द्रोण उचलून धरलेला, तो नुसता थरथरतोय. मग अण्णांनी आमटी घातली. पुढच्याला घातली, त्याच्या पुढच्याला घातली, ओळ पूर्ण केली, बादली ठेवली आणि जिना चढून वर निघून गेले. त्यांनी पंगत अर्धी सोडलेली मी जन्मात बघितली नव्हती. गॅलरीत आई कठड्याला धरून उभी होती, तिनं सगळं बघितलेलं.

आणि मला काय झालं सांगू? डोळ्यात पाणीबिणी काही नाही. राग आला. सणसणीत राग. या घरात राहिले मी. अण्णांच्या बायपासला सही माझी, आईच्या गुडघ्यांना हप्ते माझे, लाइटबिल, गॅस नंबर, सोसायटीची मीटिंग, सगळं मी. मला कधी कुणी माउली म्हणलं नाही. हा दहा-बारा वर्षांनी गंध लावून येतो आणि पहिल्या मिनिटाला माउली.

तो रात्री वारकऱ्यांबरोबर खालीच झोपला. आईनं माझ्या हातात एक चादर दिली आणि म्हणाली, "त्याला तुमच्या दिंडीत घे. एकटा नको." म्हणलं, भिशी? तर म्हणे मी देते. औषधाच्या पैशातनं दिली असणार.

पहाटे निघालो. हडपसरला तुकोबा सोलापूर रस्त्याला लागले, आम्ही सासवडकडं वळलो. एकादशी, उपास, आणि वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा त्याच दिवशी, बत्तीसेक किलोमीटर. पाऊस नाही. नवे बूट घेतलेले हौसेनं, बाकीच्या बायका साध्या स्लीपरवर भराभरा पुढं. वडकीला येईस्तोवर उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड. मी रस्त्याकडेला एका दगडावर बसकण मारली. समोर दिवे घाट दिसतोय, वरपर्यंत नुसत्या पताका आणि पांढऱ्या टोप्या, माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपायचं चाललेलं, कुठली तरी दिंडी फुगड्या घालतीये. फोटोत फार छान दिसतं हे. धाकटा माझ्यापासून दोन हातांवर उभा, काहीच न बोलता. सकाळपासून आम्ही एकमेकांशी अक्षर बोललेलो नव्हतो.

एक आजी थांबल्या. परभणीकडच्या, डोक्यावर तुळस. "कामून बसलीस गं माय?" पाय दाखवला. त्यांनी तुळस खाली ठेवली, कमरेची चंची सोडली, सुपारी-कात बाजूला सारून आतनं सुई काढली, तिला पांढरा दोरा ओवलेलाच. काडी पेटवून सुईचं टोक धरलं ज्योतीवर. मग त्याच्याकडं बघून, "ए बाबा, उभा काय राहतूस, धर की तिचा पाय."

तो बसला. माझी टाच मांडीवर घेतली. हात कापत होते त्याचे, ते म्हणे आता कायमचंच. आजी म्हणाल्या, "तू हलतूस का ती हलतीये?" तो म्हणाला, "मीच." मग त्यानं दोन्ही हातांनी घोटा असा आवळून धरला की फोडापेक्षा घोटाच दुखला. सुई फोडाच्या एका बाजूनं घातली, दुसऱ्या बाजूनं काढली, दोरा दोन्हीकडं बोटबोटभर ठेवून तोडला. पाणी टपटप त्याच्या धोतरावर. "दोरा राहू दे आतच. गळून जाईल पाणी. कातडं वरबाडू नको, मग लई आग होती." मी नुसतं हूं हूं करतीये.

"कोण हा तुझा?" आजींनी मला विचारलं. मी काही म्हणायच्या आत तोच बोलला, "ओळखीचा आहे."

आजींनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "नाक तर एकच दिसतंय दोघांचं," म्हणाल्या आणि चंची बांधायला लागल्या. मी पैसे काढले तर रागावल्या, पण माझ्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू मात्र मागून घेतला, वर म्हणे दुसरा पण दे, सुनेला. पुढं गेल्या. आमचे नंबर-बिंबर काही घेतले नाहीत, परत दिसल्या पण नाहीत.

घाट मी त्याच्या खांद्याला धरून चढले. दुसरा पर्याय नव्हता.

सासवडच्या तळावर समाजआरती. चोपदारांनी दंड वर केला, एका क्षणात सगळे टाळ बंद, एवढ्या लाखांत कुणी खोकलं तरी ऐकू येईल. फक्त एका दिंडीचे टाळ चालू. तक्रार असली की वाजवत राहायचं, मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेणार, हा माउलींच्या सोहळ्यातला रिवाज. काय तर पाण्याच्या टँकरचं काहीतरी. मग हरवलं-सापडलं पुकारलं, कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी. मी आपली उभी, टाच ठणकतीये, आणि डोक्यात एवढंच की आपल्याकडं घरात असं काही का नाही. मी पण वाजवत राहिले असते की.

पुढं जेजुरीला भंडारा, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण. फलटणला दोन तास लाइट नव्हती. दिवस कुठला, वार कुठला काही कळेना. टाच बरी झाली, मग कंबर धरली. दिंडीतल्या एका काकू रोज रात्री घोरायच्या आणि सकाळी म्हणायच्या, मला डोळ्याला डोळा लागला नाही. धाकटा न सांगता तंबूचे खुंटे ठोकायला लागला, हंडे भरायला लागला, दिंडीतले सगळे त्याच्यावर खूश. मी नव्हते.

बरडच्या आसपास चालता चालता विचारलं, पाटल्यांचं काय केलंस? म्हणलं आता रडेल, पाया पडेल. नाही. म्हणाला, "गहाण ठेवल्या होत्या, सोडवल्या नाहीत. सत्तर हजार मिळाले होते. तीन महिन्यांत संपले." बस. माझ्याकडं ओरडायला पुष्कळ साठलेलं होतं, पण मागनं मृदंगाचा ठेका वाढला, बायका "ग्यानबा-तुकाराम" करत पावली खेळायला लागल्या, आणि त्यात आम्ही दोघं पण पावलं टाकायला लागलो. वेळापूरच्या धाव्याला पण पळालो. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही. माफबिफ मी काही केलेलं नाही.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं, आतल्या रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. वाळवंटात बसले असताना अण्णांचा फोन आला. चौकशी झाली, पाऊस आहे का, गर्दी किती. मग जरा थांबून, "एसटीची तिकिटं किती काढलीस?" म्हणलं अजून काढायचीयेत. "स्वारगेटला उतरल्यावर रिक्षावाले लुटतात. त्याला सामान उचलायला लाव आणि बसनं या," आणि ठेवला फोन.

तर आता तो हॉलमधे झोपतो. ओळखीच्या एकांच्या टेम्पोवर जातो, संध्याकाळी सातला घरी. अण्णा त्याच्याशी बोलत नाहीत, पण पेपर वाचून झाला की त्याच्या बाजूला सरकवतात. आईनं पहिल्या दिवशी शिरा केला, मला डायबेटिस आहे हे विसरून. मी अजून कपाटाला कुलूप लावते, किल्ली माझ्या पर्समधे. परवा अण्णा म्हणाले, "कशाला आता कुलूप?" म्हणलं, राहू दे. धाकट्यानं ऐकलं, काही बोलला नाही. रात्री भांडी घासताना मात्र विचारलं, ताई, पुढच्या वर्षीची भिशी कधी भरायची असते?

म्हणलं, माघ-फाल्गुनात. आणि तुझी तू भरायची, आईकडं मागायचं नाही.