हिल्डेसहाइम: हजार वर्षांपूर्वीच्या बिशपच्या गावात एक रविवार

कामासाठी जर्मनीत हॅनोव्हरला होतो, एक रविवार मोकळा मिळाला. हिल्डेसहाइम तिथून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर. तिथल्या कॅथीड्रलमधली, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमधली, बिशप बर्नवार्डने करवून घेतलेली काशाची दारं बघायची, एवढंच डोक्यात होतं.

बर्नवार्ड सॅक्सन सरदारघराण्यातला. सम्राज्ञी थेओफानूने त्याला आपल्या लहानग्या मुलाचा, ओटो तिसऱ्याचा शिक्षक नेमलं, म्हणजे आपल्या भाषेत राजगुरूच. ९९३ साली तो इथला बिशप झाला आणि १०२२ मध्ये मरेपर्यंत बिशपच राहिला. त्या काळचा बिशप म्हणजे निम्मा जहागीरदार. यानेही गावाला तटबंदी घातली आणि गांडर्सहाइमचा मठ कोणाच्या अखत्यारीत यावरून माइन्झच्या आर्चबिशपशी वर्षानुवर्षं भांडण केलं. त्याच भांडणापायी तो थेट रोमला, तोवर सम्राट झालेल्या याच ओटोकडे जाऊन आला.

मी सकाळी दहाला कॅथीड्रलशी पोचलो तर आत प्रार्थना सुरू. चूक माझीच, रविवारी दुपारनंतर जा. दुकानंही बंद असतात, तेव्हा खाऊ आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. कॅथीड्रल आणि सेंट मिखाएल या दोन्ही चर्चना तिकीट नाही, कॅथीड्रलच्या म्युझियमला आहे.

दारांवर १०१५ हे साल कोरलंय. उंची पावणेपाच मीटरच्या आसपास आणि प्रत्येक झडप एकाच ओतात केलेली! डावीकडची चित्रं वरून खाली वाचायची, आदमच्या जन्मापासून काइनने भावाला मारलं तिथपर्यंत. उजवीकडची येशूची कथा खालून वर चढते. डावीकडच्या एका चौकटीपाशी मी पंधरा मिनिटं अडकलो. देव आदमकडे बोट रोखतो, आदम अंग चोरून ईव्हकडे बोट करतो आणि ईव्ह पायाशी वळवळणाऱ्या प्राण्याकडे. आमच्या ऑफिसातली मीटिंगच! माणसांची डोकी पत्र्यातून पुढे झुकलेली, पाय मात्र आतच रुतलेले. बाजूने तिरपं उभं राहिलं की ते नीट कळतं.

जवळच त्याचा काशाचा खांबही आहे. येशूच्या आयुष्यातले २४ प्रसंग वेलीसारखे गोल फिरत वर जातात. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या अशाच गोल फिरत्या चित्रांच्या खांबाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कॅथीड्रलच्या मागच्या बाजूला भिंतीवर चढलेला इथला प्रसिद्ध गुलाब. १९४५ च्या बाँबफेकीत जळाला आणि मुळातून पुन्हा फुटला. फुलं हवी असतील तर मेअखेर-जूनचाच मुहूर्त धरा. मी ऑक्टोबरात गेलो, नुसत्या काटक्या बघितल्या.

वाट दाखवायला रस्त्यावर रंगवलेल्या गुलाबांच्या मागे चालत गेलं की सेंट मिखाएल चर्च येतं, बर्नवार्डने स्वतः बांधायला घेतलेलं. छतावर तेराव्या शतकातली येशूची वंशावळ रंगवलीय, सुमारे १३०० लाकडी तुकड्यांवर. ते छत १९४३ मध्येच उतरवून ठेवलं होतं, म्हणून वाचलं. चर्च मात्र बाँबने उद्ध्वस्त झालं आणि नंतर पुन्हा उभारलं. मान वर करून बघत बसू नका, आरसे ठेवलेत, त्यात बघा.

गंमत म्हणजे वरचं चर्च लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि खालचं तळघर कॅथलिक. बर्नवार्डची दगडी शवपेटी त्या तळघरात आहे. खाली गारठा होता. मी स्वेटर वर बाकावर सोडून उतरलो आणि पाच मिनिटांत परत वर आलो.