ने, ए, शी

परवा दुपारी लेकीचा इंग्रजीचा गृहपाठ घ्यायला बसले. गाळलेल्या जागा भरा. शी फॉट डॅश हर ब्रदर. तिने विथ लिहून टाकलं आणि वर मलाच विचारलं, आई, विथ म्हणजे सोबत ना, मग ही भावासोबत जाऊन भांडली कुणाशी?

खरंच की. ब्रिटन फॉट विथ फ्रान्स म्हटलं तर त्यात 1815 चं वॉटर्लू पण बसतं आणि 1914 चं महायुद्ध पण, एकदा एकमेकांच्या उरावर आणि एकदा खांद्याला खांदा लावून, विथ आपला दोन्ही पंगतीला जेवून मोकळा. मग मी मोबाइलवर शोधत बसले, लेक तेवढ्यात खाली खेळायला पळाली. निघालं असं की हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विथ म्हणजे मुख्यतः विरुद्ध, समोर. विथस्टँडमध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. सोबतचं काम तेव्हा मिड नावाचा वेगळाच शब्द करायचा, जर्मन लोक आजही मिट म्हणतात तो त्याचाच भाऊबंद. मग विथ हळूहळू विरोधी बाकावरून उठून सत्तेत जाऊन बसला आणि मिडची खुर्चीच खाल्ली. आपल्याला काय, सवय आहे. मिड बिचारा मिडवाइफमध्ये तेवढा उरला, वाइफ म्हणजे तेव्हा कुठलीही बाई, तर अडलेल्या बाईच्या जवळ असते ती मिडवाइफ. आपली सुईण.

आमचं इंग्रजी सुरू झालं पाचवीत. विथ म्हणजे च्यासह, असं सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं, त्यामुळे अर्ध्या वर्गाने मी पेनासह लिहितो असं भाषांतर केलं आणि छड्या खाल्ल्या. शेजारच्या वर्गात तेव्हाच मराठीच्या बाई ने, ए, शी घोकून घेत असणार. पेनाने लिहितो, भावाशी भांडतो, दोन्हीकडे तृतीयाच, हे मला चाळिशीत कळतंय.

आता शी हा माझा जुना दुखरा कोपरा आहे. बोलायचं शी, भांडायचं शी, लग्न करायचं तेही शी, एवढ्याशा अक्षरात सगळा संसार. आणि हल्ली जो तो म्हणतो तुझ्यासोबत बोलायचंय, तिचं त्याच्यासोबत लग्न झालं, वर माझ्यासोबतच असं का होतं! हिंदीतून आलंय हे सगळं, मला माहितीये, भाषा बदलते वगैरेही माहितीये, तरी कानात खडा गेल्यासारखं होतं.

सोबत म्हणजे काय ते आम्हाला विचारा. गावच्या घरी संडास परसाच्या पार टोकाला, विहिरीच्या पलीकडे. रात्री लागली की मी दादाला हलवून उठवायची, दादा सोबतीला चल ना. तो कंदील घेऊन पुढे, त्याच्या बनियनचं टोक माझ्या मुठीत. मी आत, तो बाहेर. दर दोन मिनिटांनी आतून मी ओरडायची, आहेस ना रे? तो मुद्दाम गप्प राहायचा. किंवा म्हणायचा, चिंचेवर कोणीतरी बसलंय गं, मी चाललो, आणि कंदील खरंच चार पावलं लांब न्यायचा, दाराच्या फटीतला उजेड हलत हलत बारीक व्हायचा आणि मी आतून त्याला येतील तेवढ्या शिव्या द्यायची. गेला मात्र कधीच नाही. परत येताना अंगणापर्यंत मारामारी, आईचा दोघांना एकेक धपाटा.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. एरवी तो स्वतःहून करत नाही. म्हणाला, झोपली नाहीस ना, जरा तुझ्यासोबत बोलायचं होतं. आणि माझ्या तोंडून गेलं, सोबत नाही रे, तुझ्याशी.

तो हसला. म्हणाला, बरं बाई, तुझ्याशी. मग लेकीची परीक्षा कधी आहे ते विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे ते सांगितलं आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी उलटा फोन केला, अरे काल काय बोलायचं होतं तुला? तर म्हणे, काही नाही गं, असंच.