चार ओळींच्या आधीचे कागद

बर्लिन, ९ नोव्हेंबर

आज शहरभर लोक फुटपाथवर गुडघे टेकून पितळ घासत बसलेले दिसतात. १९३८ साली याच रात्री जर्मनीत सिनेगॉग जाळली, ज्यूंची दुकानं फोडली. नाझींनी छळलेल्या माणसांच्या दारापुढे बसवलेले श्टोल्परश्टाइन, म्हणजे स्मृतिदगड, या दिवशी चकचकीत होतात. काम सोपं आहे: पाणी, पितळेचं पॉलिश, मऊ फडकं. तारेचा ब्रश वापरला की चरे पडतात, ते मग जात नाहीत. आणि खाचेतली अक्षरं उजळवायचा हट्ट नको. ती काळपट राहतात म्हणूनच वाचता येतात.

दगड कसला, काँक्रीटचा ठोकळाच तो. ९६ बाय ९६ मिलीमीटर, उंची १००, वर पितळी पत्रा, त्यात एकेक अक्षर हातोडीने ठोकलेलं. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला पहिला बसवला, २०२३ मध्ये आकडा १ लाखावर गेला. नाव, जन्मसाल, कुठे नेलं, पुढे काय झालं. यापलीकडे पत्र्यावर फारसं मावत नाही. खरी मेहनत त्या चार ओळी ठरवण्यात आहे.

पहिला घोळ पत्त्याचा. दगड बसतो तो माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरापुढे. हद्दपारीच्या, म्हणजे ज्यूंना छावण्यांत आणि वस्त्यांत धाडण्याच्या, यादीतला पत्ता बहुधा तो नसतोच. एप्रिल १९३९ च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचं संरक्षण गेलं आणि मग कुटुंबंच्या कुटुंबं 'ज्यूंच्या घरां'त एकेका खोलीत कोंबली गेली. १७ मे १९३९ च्या जनगणनेची पूरक कार्डं उपयोगी पडतात. त्यांत प्रत्येकाचे आजी-आजोबा ज्यू होते का, हे लिहून घेतलं होतं. पण तोवरही अनेकांची घरं सुटलेली. म्हणून त्याआधीच्या वर्षांची छापील पत्तापुस्तकं चाळायची. त्यांत फक्त घरकर्त्याचं नाव असतं, बायको-मुलं किंवा पोटभाडेकरू सापडत नाहीत. शिवाय युद्धानंतर काही रस्त्यांची नावं बदलली, काही घरांचे क्रमांकही. जुना नकाशा शेजारी नसेल तर दगड भलत्याच दारापुढे जायचा.

नावांचंही तसंच. १ जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांवर 'इस्राएल' आणि बायकांवर 'सारा' हे जादा नाव लादलं. कागदात दिसलं म्हणून ते उतरवून घेतलं, तर नाझींनी चिकटवलेलं नाव आपणच पितळेत ठोकतो. मृत्यूची तारीख ८ मे १९४५ दिसली तरी थांबावं. बेपत्ता माणसाला युद्धानंतर मृत घोषित करताना न्यायालयांनी अनेकदा हीच तारीख घातली. त्या दिवशी तो माणूस गेला असं नव्हे.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे मालमत्तेचं घोषणापत्र. १६ पानांचा छापील फॉर्म, हद्दपारीच्या आधी भरून द्यायचा. खुर्च्या किती, चादरी किती, शर्ट किती, बँकेत काय, घरभाडं कोणाचं थकलंय. नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाप्रमाणे देशाची हद्द ओलांडताच हे सारं सरकारजमा. बर्लिनच्या या फाइली आता पोट्सडामच्या अभिलेखागारात आहेत. फॉर्म वाचून फाइल मिटू नये, कारण पुढची पानं जास्त अस्वस्थ करतात. बेलिफाने सामानाची केलेली किंमत. वीज कंपनीचं उरलेलं बिल. घर रिकामं पडलं त्या महिन्यांचं भाडं मागणारं घरमालकाचं पत्र. शेजारपाजारच्यांना काही ठाऊक नव्हतं, हे ऐकलं की मला हीच पत्रं आठवतात.

या दगडांवर आक्षेपही आहेत. नावं पायाखाली येतात, असं म्हणत म्युनिकने २००४ मध्ये सार्वजनिक फुटपाथवर ते बसवायला मनाई केली. तिथे २०१८ पासून भिंतीवर पाट्या किंवा दारापुढे खांब लावतात. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख यांचाच दगडांना ठाम विरोध आहे, तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरी वाचायला माणसाला वाकावं लागतं, म्हणून मला दगडच पटतो.

दगडासाठी अर्ज करण्यापूर्वी त्या माणसाचे नातेवाईक शोधणं भागच आहे. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच संपवावा. कुटुंब मात्र एकत्र मांडतात, वाचलेल्यांसकट. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १०,००० मुलं आई-वडिलांविना ब्रिटनला पोचली. अशा मुलाचा दगडही आई-वडिलांशेजारी बसतो, त्यावर पलायनाचं साल आणि देश असतो. 'ती तर जगली, मग दगड कशाला?' असं देणगीदार विचारतात. तिचं घर याच दारातून मोडलं, एवढं सांगितलं की बहुतेक जण पुढच्या दगडाचेही पैसे देतात.