सही बाईंची, कारभार कोणाचा?

“सही मन्हीच ऱ्हास, पन कागद कोनी वाचू देत नही.” (सही माझीच असते, पण कागद कोणी वाचू देत नाही.) काल ‘महाराणी’ या हिंदी वेबमालिकेचे पहिले पर्व संपताना, पडद्यावरची नजर न काढता काकू एवढेच बोलल्या. त्या अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या माजी सरपंच आहेत.

चूल-गोठा सोडून मुख्यमंत्री झालेली राणी भारती घोटाळ्याच्या मुळाशी जाते आणि शेवटी स्वतःच्या नवऱ्यालाच अटक करवते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हुमा कुरेशीने सुरुवातीचा बुजरेपणा आणि नंतरचा ठामपणा फार ताकदीने उभा केला आहे.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तरी आपल्या खान्देशात कित्येक गावी ‘सरपंच’ म्हणून हाक मारली की नवराच ओ देतो.

तुमच्या गावात ठरावाचा कागद सहीआधी बाईंच्या हाती पडतो का?