आमची वाटचाल: बाटलीआधी बाग

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात आमचं कृषी सेवा केंद्र सुरू झालं तेव्हा दुकान म्हणजे एक काउंटर, मागे बाटल्यांची मांडणी आणि उधारीची वही, एवढंच होतं. शेतकरी यायचा, "फळं गळायलीत, काहीतरी जालीम द्या" म्हणायचा. आम्ही द्यायचो.

एका पावसाळ्यात, आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येणाऱ्या हंगामाच्या, भगवा जातीच्या डाळिंबाला रंग चढत असताना, एक आप्पा पोतं घेऊन आले आणि सगळी डाळिंबं दुकानाच्या पायरीवर ओतली. तीन फवारण्या झाल्या होत्या, तिन्ही औषधं आमच्याकडची. प्रत्येक फळावर टाचणीनं टोचल्यासारखं भोक, भोवती सडलेला तपकिरी डाग, दाबलं की रस बाहेर. आत अळी नाही. "मालक, पैशाचं राहू द्या, हे करतंय कोण तेवढं सांगा." मला सांगता आलं नाही. ते अजून बोचतं.

त्याच रात्री नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन त्यांच्या बागेत गेलो. उजेड फिरवला तसे झाडाझाडांत लाल ठिपके चमकले. पतंगाचे डोळे! वाळक्या पानासारखा दिसणारा पतंग फळाला चिकटलेला, सोंड सालीत रुतलेली. उडाला तेव्हा मागच्या पंखांचा नारिंगी-पिवळा रंग आणि त्यावरचे काळे डाग दिसले. हा रस शोषणारा पतंग. आम्ही फवारायचो सकाळी, तो यायचा अंधार पडल्यावर, बाहेरून, आणि प्यायचा सालीच्या आतलं. त्याची अळी तर डाळिंबावर वाढतच नाही. ती असते बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. आप्पांचा बांध दोन्हींनी भरलेला होता.

तेव्हापासून दुकानाचा नियम झाला: बाग बघितल्याशिवाय बाटली नाही. पहिल्या वर्षी विक्री चांगलीच घटली, घरात बोलणी खाल्ली. पण शेतीचं शिकलेली दोन पोरं पाहणीसाठी कामाला ठेवली. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 मध्ये स्थापन झालेलं; तिथली माहिती वाचायची, मग बागेत ताडून बघायची सवय लावून घेतली. फळांच्या कागदी पिशव्या ठेवायला लागलो. पिशवीनं पतंग अडतो, फळ पोखरणारी सुरसा अळीही अडते; मजुरी मात्र लागते, हे आधीच सांगतो. गळालेली फळं वेचून खड्ड्यात पुरायला सांगतो, कारण सडक्या फळाच्या वासावर पतंग येतातच. गुळवेल औषधी म्हणून काहीजण काढायला तयार नसतात. घराजवळ ठेवा, बागेच्या बांधावर नको, एवढीच आमची विनंती.

पुढं खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा आला आणि आमच्या भागात बागाच्या बागा उपटल्या गेल्या. डाळिंबाला 2016 मध्ये सोलापूरच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, त्या मालाची ही गत बघवत नव्हती. दोन मिलिमीटरचा किडा, पण सोबत बुरशी नेतो आणि खोडात तीच वाढवून खातो. ताण बसलेलं झाड आधी गाठतो. एकदा आत शिरला की वरून मारलेलं औषध पोहोचणं अवघड. म्हणून गेरूचा लेप खोडाला वेळेत लावणारी बायकांची टोळी आम्ही उभी केली. आज आमच्या कामाचा मोठा हिस्सा हाच आहे, आणि या बायकांची नजर पोरांपेक्षा तयार आहे. खोडाशी पडलेला चिमूटभर भुसा त्यांना आधी दिसतो.

आप्पांनी त्या हिवाळ्यात बांध साफ केला. पुढच्या आंबियाला आम्ही पुन्हा रात्री गेलो. पतंग होते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि फळं पिशव्यांत होती.