पंख्याच्या पात्यावरचं नाव

रविवार, रात्री पावणेबारा

जेवताना आईने विचारलं, "काल तिकडे काही झालं का गं?" म्हटलं, रस्ता फार खराब आहे. रस्ता खराब आहेच, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप नाही. खरं कारण इतकं क्षुल्लक आहे की तिच्यासमोर उच्चारायची लाज वाटली. इथे लिहिते.

नसरापूरच्या पुढच्या त्या दवाखान्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशिनं, बघायला गेले होते. पाच मशिनं, सगळी 2021 च्या उन्हाळ्यात आलेली, पाच दात्यांची, तीन कंपन्यांची. दुसऱ्याच्या मागे वाकले आणि फिल्टरचं झाकण दिसलं. लालभडक, थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं.

ते माझं होतं.

म्हणजे मी प्रिंट केलेलं नव्हे, मी पांढरं काढते. पण डिझाइन माझंच. 2022 मध्ये व्हर्नियर घेऊन मापं घेतली तेव्हा हाताशी एक तुटकं झाकण होतं, खालचा डावा कोपरा उडालेला. मला वाटलं तो मुळातच तसा आहे. मॉडेलमध्येही तो कोपरा तिरका कापला. नंतर धड झाकण बघायला मिळालं तेव्हा कळलं की चूक झाली. पण त्याने कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणून ठेवली तशीच. त्या लाल झाकणाचा खालचा डावा कोपरा तिरका कापलेला होता. पोराच्या पाठीवरचा तीळ आईला ओळखू येणार नाही का?

मी बघत राहिले म्हणून सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "हे ना मॅडम, पुण्याच्या कॉलेजच्या मुलांनी करून दिलं. फार हुशार पोरं. आधी मी मायक्रोपोरची चिकटपट्टी लावून फिल्टरचा फोम टिकवायचे." झाकणाखाली स्टिकर होता. लोगो, कॉलेजचं नाव, सामाजिक उपक्रम, वगैरे.

मी म्हटलं, "छान आहे."

तेव्हापासून आता साधारण तेहतीस तास मी हेच चघळतेय की मी "छान आहे" का म्हटलं. सिस्टर, हे माझं आहे, असं हसत हसत सांगता आलं असतं. त्यांनी चहा पाजला असता. किंवा काहीच बोलायचं नाही आणि विसरून जायचं. यातलं एकही जमलं नाही. गप्पही बसले आणि विसरलेही नाही.

आणि विसरायलाच हवं होतं, कारण ती फाइल मीच इंटरनेटवर फुकट टाकली आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा बाय-एसए परवाना: कुणीही घ्या, बदला, विकासुद्धा. अट फक्त एवढी की मूळ कुणाचं ते लिहा आणि बदललेलं याच अटींवर पुढे द्या. म्हणजे कायद्याने माझी बाजू बरोबर आहे. काल रात्री त्या कॉलेजला ईमेल लिहायला घेतला. पहिला मसुदा वकिलासारखा झाला, दुसरा रुसलेल्या आत्यासारखा. तिसरा वाचला आणि लॅपटॉप बंद केला. एका झाकणासाठी! ऐंशी ग्रॅमचंसुद्धा नाही ते.

पण नुसतं झाकण तरी कुठे आहे ते. झाकण गेलं की फोम पडतो, धूळ आत जाते, कॉम्प्रेसर गुदमरतो. आत झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे दोन स्तंभ असतात. एक दाबाखाली हवेतला नायट्रोजन शोषून घेतो, तोवर दुसरा मोकळा होतो, मग अदलाबदल. त्यातून साधारण 93 टक्के ऑक्सिजन मिळतो. काल दुसऱ्या मशिनवर 91 आलं. लाल झाकणाच्याच. चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या एक आजी त्याच मशिनवर होत्या, आणि मी झाकणावर कुणाचं नाव आहे ते बघत होते.

पाचव्या मशिनवर 74 आलं. ते दोन पावसाळे कपाटाशेजारी नुसतं उभं होतं. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ जास्त. मशिन चालवलं नाही की ओल हळूहळू आत मुरते. वापरून झिजलेल्या वस्तू दुरुस्त करता येतात, पण जपून ठेवून खराब झालेल्याचं काय करायचं? त्यावर दात्याचं नाव मात्र अजून कोरं करकरीत, सोनेरी अक्षरात.

श्रीधर म्हणेल, तुझं नेहमीचंच, मोठं काही हातून होत नाही म्हणून छोट्याचा अहंकार. त्याला काही सांगणार नाही. त्याच्याच माळ्यावर आमचा 2020 चा व्हेंटिलेटर पडलाय. व्हेंटिलेटर कसला, ॲम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबणारा लाकडी हात आणि वायपरची मोटर. तेव्हा सगळं जगच ते करत होतं. अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी त्यांचं डिझाइन खुलं केलं होतं, इटलीत ब्रेशियाला इसिनोव्हा कंपनीने ऑक्सिजनच्या व्हेंचुरी मास्कचे व्हॉल्व्ह रातोरात प्रिंट करून दिले होते, आणि आम्ही भोसरीतल्या एका शेडमध्ये, तोंडाला रुमाल बांधून. सुटे भाग मिळायची पुण्यातली तपकीर गल्ली बंद, बोहरी आळी बंद, एका लिमिट स्विचसाठी तीन जणांना फोन. अकरा दिवसांत ते हलायला लागलं तेव्हा श्रीधर रडला होता.

ते एकाही माणसाला लावलं नाही, आणि लावलं नाही हेच बरं केलं. फुप्फुसात किती दाब जातोय हे त्याला कळतच नव्हतं. ॲम्ब्यू बॅग काही मिनिटांसाठी असते, दिवसांसाठी नव्हे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बायोमेडिकल शिकलेय, आयसीयूतली मशिनं दुरुस्त करून पगार घेते. तरी अकरा दिवस बोलले नाही. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

त्यानंतर मी झाकणांवर आले. झाकणं, नॉब, सलाइनच्या स्टँडचे चाप, बॅटरीच्या खोक्यांची दारं. पेशंटच्या अंगाला न लागणारं, मोडलं तर जीव न घेणारं. एप्रिल 2020 पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, तेव्हा घरच्या प्रिंटरवर कुठवर जायचं ही रेघही आपोआप आखली गेली. ड्यूक विद्यापीठाच्या पेरी आणि मॅल्किन यांचा 2011 चा निबंध मी कुठेही बोलायला गेले की दाखवते: गरीब देशांतल्या दवाखान्यांमधली जवळपास 40 टक्के उपकरणं बंद पडलेली. त्याच्या आदल्या वर्षी मॅल्किननेच दाखवलं होतं की दुरुस्तीला आलेल्या बंद उपकरणांपैकी 72 टक्के परदेशी सुटे भाग न मागवता पुन्हा चालू करता आली. हे आकडे दाखवून मी लोकांना सांगते, नवं शोधू नका, झाकणं करा. टाळ्या पडतात. एका कॉलेजात तर…

थांब. ते हेच कॉलेज नव्हतं ना?

नाही. ते वेगळं. बहुतेक.

म्हणजे बघा, नोकरीतले शनिवार गेले, तपकीर गल्लीत पैसे गेले, मावशीने आणलेली दोन स्थळं "मुलगी रविवारी घरी नसते" म्हणून गेली (त्याचं फार वाईट वाटलं नाही), आणि आठ वर्षांच्या शेवटी हातात काय? एकसष्ट डाउनलोड आणि खाली कुणाचं तरी स्पॅनिशमध्ये "धन्यवाद". बासष्टाव्याने घेतलं ते न सांगता. हे सगळं काल रात्री दीड वाजता मला फार करुण वाटत होतं. डोळ्यांत पाणीबिणी.

आज सकाळी आई ओढून विठ्ठलाच्या देवळात घेऊन गेली. कीर्तन चालू होतं. बुवा निरपेक्ष दानावर बोलत होते; योगायोग असा की मी लिहिलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही. गर्दी, दमट हवा, डोक्यावर जुना पंखा गरागरा. आणि लाइट गेले. पंखा हळू हळू मंदावला, थांबला, आणि पात्यांवरची तांबडी अक्षरं दिसायला लागली. एका पात्यावर "कै. सौ.", दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर "यांचे स्मरणार्थ". मी लहानपणापासून त्या पंख्याखाली बसतेय आणि ते नाव मला आज कळलं. चालू असताना ते वाचताच येत नाही.

मला हसू फुटलं. थांबेना. आईने चिमटा काढला, शेजारच्या काकूंनी वळून बघितलं. मला डोळ्यांसमोर पाचवं मशिन दिसत होतं, सोनेरी अक्षरांचं, 74 टक्क्यांचं.

घरी येऊन निर्लज्जपणे जुने फोटो काढले. मला एक संशय होता आणि तो खरा निघाला. 2019, आमचा पहिला हात. भोसरीच्या पॉवर प्रेसवर चार बोटं गेलेला तो मुलगा, मनगट वाकवलं की दोऱ्यांनी मिटणारी प्लॅस्टिकची बोटं, मागे आमच्या ग्रुपचा बॅनर. हातावरसुद्धा आमचा स्टिकर. आमचा! तो हात आयव्हन ओवेनच्या कामातून आलेला. त्याने नाटकी पोशाखासाठी एक मोठा यांत्रिक हात केला होता, त्याचा व्हिडिओ दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड व्हॅन ॲस या बोटं गमावलेल्या सुताराने पाहिला, आणि दोघांनी मिळून, अर्ध्या जगाच्या अंतरावरून, ते पुढे नेलं. पेटंट न घेता फाइली सोडून दिल्या. मग ई-नेबल या स्वयंसेवकांच्या गटातल्या शेकडो लोकांनी त्या सुधारल्या. आमच्या बॅनरवर यातलं एक अक्षर नाही. मी त्या फोटोत दात काढून उभी आहे.

ओजसला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा दिलेला स्टेथोस्कोप? त्याचं डिझाइन गाझात काम केलेल्या डॉ. तारेक लुबानी यांच्या ग्लिया या संस्थेचं. लिटमन या नावाजलेल्या ब्रँडच्या महागड्या मॉडेलच्या तोडीचा आवाज येतो हे त्यांनी 2018 मध्ये मोजून छापलं, फाइली खुल्या केल्या. ओजसला मी काय सांगितलं? "मी बनवलाय." तो अजून मित्रांना सांगतो, आत्याने बनवलाय.

आणि मी जयपूर फूटची, त्या कृत्रिम पायाची, गोष्ट सांगते भाषणात! पेटंट नाही, कुणीही करावं, म्हणून लाखो लोक चालायला लागले. त्यामागच्या डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे मिळालं. रबराचं ते पाऊल हातांनी घडवणारे कारागीर होते मास्टरजी रामचंद्र शर्मा. मी गोष्ट सांगताना दरवेळी मास्टरजींपाशी आवाज जरा हलवते, की बघा, खरं काम करणाऱ्याचं नाव मागे पडतं. म्हणजे मनातल्या मनात मी कायम मास्टरजी. बॅनरवाली मी कधीच नाही.

तरी अजून टोचतंय. लिहून गेलं नाही. कारण एक गोष्ट मी इथेही मघापासून टाळतेय.

त्या लाल झाकणाला वरच्या बाजूला एक जीभ होती. बोटभर रुंद, जरा बाहेर वळलेली, खाली बारीक खरबरीत रेघा. सिस्टरनी ओल्या हाताने, ग्लोव्ह्ज घातलेले असताना, एका बोटाने ते झाकण टक्कन उघडून दाखवलं. माझं झाकण काढायला नख घालावं लागतं. तीन वर्षं मी सगळीकडे सांगते की फोम आठवड्याला धुवा, आणि कुणी धुवत नाही म्हणून चिडते. नख घालून कोण काढणार, चाळीस पेशंटच्या मधे? त्या पोरांनी बहुतेक सिस्टरना विचारलं असणार, किंवा नुसतं उभं राहून बघितलं असणार. मी मापं घेतली होती फक्त. तीही तुटक्या झाकणाची.

नाव नव्हतं त्याचं दुःख होतंच. पण "छान आहे" हे मी त्या जिभेकडे बघून म्हटलं होतं, आणि ते खरं होतं, म्हणून ते इतकं घशात अडकलं.

आत्ता फाइल उघडली आहे. डावा कोपरा नीट केला, आणि मग परत कापला. राहू दे. वर जीभ काढली, त्यांच्यासारखी जमत नाही, वळण कुठेतरी चुकतंय. त्यांची फाइल मागावी लागेल. चौथा ईमेल, हा छोटा: तुमचं झाकण पाहिलं, जीभ फार उपयोगी आहे, फाइल पाठवाल का? खाली नाव, पत्ता. कोपऱ्याबद्दल काही नाही. तेवढी हुशार असतील तर ओळखतील.

नव्या आवृत्तीच्या नोंदीत "जिभेची कल्पना" असं लिहिलं आणि पुढे विसर्ग देऊन थांबले. कोण? कॉलेजचं नाव आठवतंय. पण स्टिकरवर खाली बारीक अक्षरात चार-पाच नावं होती, मुलांचीच असणार. ती मी वाचली नाहीत. त्यात माझं नाही एवढंच बघितलं होतं.

उद्या सिस्टरना फोन करायचा. अकराच्या आत, नंतर ओपीडी असते.